वाऱ्याला विचारून निघावं

पनवेलकरांना हल्ली एक नवी सवय लागली आहे: बोलता बोलता मान वर करायची. 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळावरून पहिली प्रवासी विमानं उडाली आणि आमच्या घरच्या पोरांना गच्चीवर एक खेळ मिळाला. विमान दिसलं की ते कुठे चाललंय ते ओळखायचं. थोरला आठवीत आहे, तो मोबाइल बघून सांगतो. धाकटी पाचवीत आहे, ती न बघताच सांगते. तिचं प्रत्येक विमान न्यू यॉर्कला जातं, कारण तिची आत्या तिकडे न्यू जर्सीला असते. उलव्याची टेकडी फोडून, नदीचं पात्र वळवून आणि दहा गावं उठवून ही धावपट्टी झाली हे त्यांना सांगून झालंय. आता त्यांचे प्रश्न पुढचे असतात.

"आजोबा, पनवेलहून न्यू यॉर्क किती लांब?"

"आधी मला सांग, मोजणार कसं?"

थोरल्याने भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली. पट्टी पनवेलहून निघाली, अरबस्तान आणि इजिप्तवरून, आफ्रिकेच्या वरच्या अंगाने गेली आणि अटलांटिक ओलांडून न्यू यॉर्कला टेकली. "हा घ्या सरळ रस्ता!"

मी त्यांना कपाटावरचा पृथ्वीगोल काढायला लावला आणि आजीच्या डब्यातला दोरा मागून घेतला. दोऱ्याचं एक टोक थोरल्याने पनवेलवर दाबून धरलं, दुसरं धाकटीने न्यू यॉर्कवर. "आता दोघं ओढा. ढिला राहता कामा नये."

दोरा ताणला गेला तसा तो गोलावरून आपोआप वर सरकत गेला. अरबस्तान खाली राहिलं, इजिप्त खाली राहिलं. पनवेलहून निघालेला दोरा अफगाणिस्तानावरून, मध्य आशियावरून थेट मॉस्कोजवळ पोचला. तिथून फिनलंड, मग आइसलँडची कड, मग ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडात उतरला आणि वरून खाली न्यू यॉर्कला आला.

"हे काय भलतंच!" थोरला म्हणाला. "अमेरिका पश्चिमेला आणि विमान उत्तरेला तोंड करून निघणार?"

"हो. आणि तोच जवळचा रस्ता आहे. पृथ्वी गोल आहे आणि भिंतीवरचा कागद सपाट. गोलाची साल कागदावर चापून बसवायची तर ध्रुवांकडचा भाग ताणावाच लागतो. म्हणून कागदावरचं सरळ ते गोलावर वाकडं आणि कागदावरचं वाकडं ते गोलावर सरळ."

हिशोब असा आहे. ताणलेल्या दोऱ्याच्या मार्गाने मुंबई-पनवेल परिसरापासून न्यू यॉर्क सुमारे 12,500 किलोमीटर. पट्टीच्या मार्गाने गेलात तर सुमारे 14,200. म्हणजे पट्टीवर विश्वास ठेवणाऱ्याला जवळजवळ 1,700 किलोमीटरचा भुर्दंड, मुंबईहून कोलकात्याला उडत जाण्याएवढा. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या मार्गाला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. गोलाचे दोन सारखे अर्धे करणारी सुरी जिथून जाईल, ती ही रेघ.

अर्थात माणसांच्या जगात दोरा नेहमी ताणलेला राहत नाही. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर 2022 मध्ये रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झालं. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केलं. मग विमानं वळसा घालतात, इंधन जास्त जाळतात आणि प्रवास लांबतो. पण ते माणसांचं झालं. मला सांगायची आहे ती निसर्गाची गोष्ट.

थोरला गणितात हुशार. "विमान तासाला 900 किलोमीटर जातं. 12,500 भागिले 900. चौदा तासांना थोडे कमी. पण आत्या तर जाताना साधारण सोळा तास लागतात म्हणते, आणि येताना साडेचौदा. रस्ता तोच, विमान तेच. मग?"

"पृथ्वी फिरते म्हणून!" धाकटीने उत्तर ठोकून दिलं.

हे उत्तर मी शहाण्यासुरत्या मोठ्या माणसांकडूनही ऐकलंय, म्हणून त्याला नीट तपासू. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर तिचा वेग तासाला सुमारे 1,670 किलोमीटर. आपण उत्तरेला 19 अंशांवर आहोत, तिथे घेर थोडा लहान, म्हणून पनवेलचा वेग सुमारे 1,580. म्हणजे हा वाडा, ही गच्ची, तो कर्नाळ्याचा सुळका, सगळं आत्ता या क्षणी तासाला 1,580 किलोमीटरने पूर्वेकडे पळतंय.

"मग पश्चिमेला निघालेल्या विमानासमोर न्यू यॉर्क आपणहून धावत यायला हवं," मी म्हटलं. "जाताना वेळ कमी लागायला हवा. लागतो तर जास्त. तुझं उत्तर उलटं पडलं की नाही? आता जागच्या जागी उडी मार बघू."

तिने मारली.

"अर्धा सेकंद तू हवेत होतीस. तेवढ्यात पनवेल दोनशे मीटरहून जास्त पुढे गेलं. तू शेजारच्या आळीत पडायला हवी होतीस."

ती खाली बघून म्हणाली, "मी तर इथेच आहे."

"कारण तूही त्याच वेगाने पळत होतीस. हवाही पळते आहे. विमान हवेत उडतं आणि हवा पृथ्वीबरोबर फिरते. पृथ्वीच्या फिरण्याने विमानाला थेट फायदाही नाही, तोटाही नाही. फरक पडतो तो हवा पृथ्वीला सोडून स्वतःची चाल धरते तेव्हा. तिलाच आपण वारा म्हणतो."

पनवेलच्या खाडीतला होडीवाला हे गणित वल्ह्यावर शिकलेला असतो. भरती चढताना तो आत येतो तेव्हा वल्हं नुसतं पाण्याला लावलं तरी काठ भराभर मागे जातो. त्याच वेळी बाहेर निघालेला माणूस तेवढाच घाम गाळून निम्मंही अंतर कापत नाही. दोघांच्या दंडात जोर सारखाच असतो. विमानाचे 900 किलोमीटर म्हणजे वल्ह्याचा जोर, हवेच्या हिशोबात मोजलेला. जमिनीच्या हिशोबात किती, ते वारा ठरवतो.

"पण एवढा मोठा वारा असतो वर?" थोरल्याने विचारलं.

असतो. आणि तो सापडला त्याची गोष्टच ऐका.

जपानात तातेनो नावाच्या ठिकाणी एक वेधशाळा होती. तिचे प्रमुख वासाबुरो ओइशी. 1920 नंतरच्या त्या काळात ते रोज फुगे सोडत आणि दुर्बिणीच्या यंत्राने त्यांचा पाठलाग करीत. फुगा किती वर गेला, कुठे सरकला, हे वहीत मांडत. हिवाळ्यात त्यांना दिसलं की आठ-दहा किलोमीटर वर गेलेला फुगा कोणीतरी हिसकावून न्यावा तसा पूर्वेकडे पळतो. वर एक प्रचंड वारा वाहतो आहे! हा शोध जगाला कळावा म्हणून 1926 मध्ये त्यांनी अहवाल छापला, तोही एस्पेरांतो भाषेत. ही सगळ्या जगाची म्हणून मुद्दाम तयार केलेली भाषा. सगळ्या जगासाठी लिहिलेला तो अहवाल वाचला मात्र फार थोड्यांनी.

1944 च्या शेवटी अमेरिकेची बी-29 विमानं टोकियोवर उंचावरून आली तेव्हा वैमानिकांना नवल वाटलं. वाऱ्याच्या दिशेने गेलं तर विमान इतकं सुसाट सुटे की नेम धरता येईना. वाऱ्याच्या उलट गेलं तर खालची जमीन जेमतेम सरके. ओइशींच्या वहीतला वारा त्यांना समोरासमोर भेटला होता. जपान्यांना तो ठाऊक होता. त्यांनी कागदी फुग्यांना बॉम्ब बांधून हजारो फुगे त्याच वाऱ्यावर सोडले आणि त्यातले काही तीन-चार दिवसांत प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेत पडले. ज्ञान आलं की ते कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो, हेही यातून शिकून ठेवा.

या वाऱ्याला आज जेट प्रवाह म्हणतात. जमिनीपासून साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर, शेकडो किलोमीटर रुंद आणि दोन-तीन किलोमीटर जाड असा तो हवेचा पाट आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे, नागमोडी वळणं घेत, तो पृथ्वीला फेरा घालतो. तासाला दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग. हिवाळ्यात तो चेव आल्यासारखा तीनशेच्याही वर जातो.

"पण तो पूर्वेकडेच का वाहतो?" धाकटीचा प्रश्न. प्रश्न लाखमोलाचा होता.

इथे मात्र पृथ्वीचं फिरणं कामाला येतं, फक्त आडवाटेने. विषुववृत्ताकडची हवा तापून वर चढते आणि उंचावरून ध्रुवाकडे सरकते. आपल्या अक्षांशावरची हवा निघाली, तर तिच्या अंगात पनवेलचा वेग असतो, तासाला 1,580 किलोमीटर पूर्वेकडे. ती न्यू यॉर्कच्या अक्षांशावर पोचली. तिथे पृथ्वीचा घेर आणखी लहान, म्हणून तिथली जमीन फिरते सुमारे 1,270 नेच. आलेली हवा आपला वेग सोडायला तयार नाही. जमिनीपेक्षा ती तीनेकशे किलोमीटरने पुढे धावू लागते, पूर्वेकडे. वाटेतलं घर्षण आणि उलथापालथ त्यात काटछाट करतात, शिवाय उष्ण आणि थंड हवेतला फरक त्याला जोर पुरवतो. म्हणूनच हिवाळ्यात, जेव्हा ध्रुव गोठलेले आणि विषुववृत्त तापलेलं असतं, तेव्हा तो सर्वांत जोरात असतो. पण मूळ गोष्ट एवढीच, की लहान घेराच्या गावात मोठ्या घेराच्या गावची हवा पाहुणी आली.

या पाटाचा प्रताप आकड्यांत पाहा. न्यू यॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जम्बो विमान 9 फेब्रुवारी 2020 च्या पहाटे, 4 तास 56 मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी याला सहा-साडेसहा तास लागतात आणि उलट दिशेला सात-आठ. त्या दिवशी अटलांटिकवर मोठं वादळ होतं आणि जेट प्रवाह खवळलेला. विमानाचा जमिनीच्या हिशोबातला वेग तासाला 1,300 किलोमीटरच्या आसपास गेला होता. ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त! तरी धमाका झाला नाही, कारण विमानाभोवतीची हवाच पळत होती. हवेच्या हिशोबात विमान नेहमीच्याच चालीने चाललं होतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. एअर इंडियाचं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. सुमारे 13,900 किलोमीटर, साडेसोळा तास. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी ते उलट दिशेने, पूर्वेकडून प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं सुमारे 15,300 किलोमीटर. चौदाशे किलोमीटरची भर! आणि वेळ?

"अठरा तास," थोरला म्हणाला.

"साडेचौदा."

तो पुन्हा एकदा गोलाकडे बघायला लागला. लांबचा रस्ता दोन तास आधी पोचवत होता. दोऱ्याने अंतर कळतं. किती वेळ लागेल ते विचारायचं तर वाऱ्यालाच विचारावं लागतं.

तसं विचारण्याची सोयही जगाने केली आहे. आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, त्याच क्षणी साऱ्या जगभर, शेकडो वेधशाळा फुगे सोडतात. त्यांच्या खाली लोंबणारं छोटं यंत्र तापमान, दमटपणा आणि वारा कळवत वर जातं. मुंबईतही सोडतात. त्या वाऱ्यांवरून अटलांटिकवरचे विमानांचे मार्ग दिवसातून दोनदा नव्याने आखले जातात. अमेरिकेकडे जाणारा मार्ग जेट प्रवाह चुकवून, येणारा त्याच्यात शिरून. आकाशात रस्ते असतात ते असे, सकाळी एक आणि रात्री दुसरे.

वारा विचारून निघणं ही आपल्या किनाऱ्याला काही नवी गोष्ट नाही. दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधला एक ग्रीक व्यापारी तांबड्या समुद्रापासून इकडच्या बंदरांची माहिती लिहून गेला. पेरिप्लस म्हणून तो ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात आपल्या शेजारचं कल्याण आहे, चौल आहे. तिकडून निघायचं ते जुलैच्या सुमाराला, नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन, असं त्याने नोंदवलंय. परत जायचं ते हिवाळ्यात, ईशान्येचा वारा धरून. घाई असली तरी वारा फिरेपर्यंत थांबायचं. आपल्या कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी दर्यात घालत नाहीत, त्यातही वाऱ्याचाच मान आहे.

पुढे वाफेची बोट आली आणि माणसाने वाऱ्याची परवानगी घेणं सोडलं. कल्याणची आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला निघाली ती 7 एप्रिल 1883 ला कोलकात्याहून, बोटीने. न्यू यॉर्कला तिचे पाय लागले 4 जूनला. अठ्ठावन्न दिवस! वय अठरा वर्षं. 1960 साली एअर इंडियाचं बोइंग 707 न्यू यॉर्कला जाऊ लागलं आणि दिवसांचे तास झाले. पण विमान इतकं वर गेलं की माणूस पुन्हा वाऱ्याच्याच राज्यात शिरला. जो खाली सोडला होता तो वर भेटला.

आता एक गंमत ऐका, ती आपल्या आकाशाची आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वारा कुठून येतो?

"समुद्राकडून," दोघं एकदम म्हणाली.

"आणि त्याच वेळी, त्याच पनवेलच्या डोक्यावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर?"

गप्प.

तिथे वारा वाहतो बरोबर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे! हा उष्ण कटिबंधातला पूर्वेचा जेट प्रवाह. तो जगापुढे मांडला आपल्याच एका शास्त्रज्ञाने, पी. कोटेश्वरम यांनी, 1950 नंतरच्या दशकात. पुढे ते भारतीय हवामानशास्त्र विभागाचे महासंचालक झाले. उन्हाळ्यात तिबेटचं पठार तापतं आणि त्याच्यावरची हवा एवढ्या उंचीपर्यंत गरम होते, की उत्तरेकडे ऊब आणि दक्षिणेकडे त्यामानाने गारवा अशी उलटी मांडणी होते. नेहमीची मांडणी उलटली की वारंही उलटतं. पावसाळा संपला, पठार निवलं, की हा प्रवाह विरून जातो. म्हणजे जुलैत तुम्ही छत्री धरून उभे असता तेव्हा तुमच्या पायाशी आफ्रिकेकडून आलेला वारा असतो आणि डोक्यावर आफ्रिकेकडे निघालेला.

आणि आता या गोष्टीतला खरा प्रवासी. तो विमान नाही, पक्षीही नाही. पाऊस सरता सरता, भाताच्या लोंब्या भरायला लागल्या की शेतांवर घिरट्या घालणारे पिवळसर सोनेरी चतुर तुम्ही पाहिले आहेत. त्यातला एक नीट बघा. लांबी जेमतेम पाच सेंटीमीटर. पंख काचेसारखे, आरपार दिसणारे. मागचे दोन पंख अंगाला जुळतात तिथे चांगलेच रुंद. ते रुंद पंख फडफडवण्यापेक्षा पसरून धरायला जास्त उपयोगी पडतात. तो इतर चतुरांसारखा काडीवर बसलेला क्वचितच सापडतो, हवेत तरंगतच राहतो. शास्त्रज्ञ त्याला पँटाला फ्लॅव्हेसेन्स म्हणतात.

मालदीव बेटांवर चार्ल्स अँडरसन नावाचे सागरी जीवांचे अभ्यासक राहत होते. त्यांच्या लक्षात आलं, की दर ऑक्टोबरात बेटांवर चतुरांचे थवे येतात. हे चतुर आले कुठून? चतुराची पिल्लं गोड्या पाण्यात वाढतात आणि मालदीवमध्ये उघडं गोडं पाणी जवळजवळ नाहीच. भारताचा किनारा तर शेकडो किलोमीटर लांब. त्यांनी वर्षानुवर्षं तारखा टिपल्या, आसपासच्या ठिकाणांच्या नोंदी जमवल्या आणि 2009 मध्ये निष्कर्ष मांडला. हे चतुर भारतातून निघतात, एक हजार मीटरहून उंच चढतात आणि तिथला ईशान्येचा वारा पकडून, मालदीव आणि सेशेल्सवरून, थेट पूर्व आफ्रिकेला जातात. निव्वळ समुद्रावरून साडेतीन हजार किलोमीटर!

"परत येतात?" धाकटीने विचारलं.

"येतात, पण तेच नाही. तिकडे पाऊस पडतो, डबकी साचतात, त्यात अंडी घालतात. सहा-सात आठवड्यांत नवी पिढी उडायला तयार. ती पाऊस जिकडे सरकेल तिकडे सरकते. पुढल्या जून-जुलैत त्यांची नातवंडं-पतवंडं नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर बसून आपल्याकडे येतात. फेरा पुरा होईपर्यंत चौदा-पंधरा हजार किलोमीटर आणि चारेक पिढ्या होतात." 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या खंडांतल्या या चतुरांची जनुकं ताडून पाहिली. ती इतकी मिळतीजुळती निघाली, की हे सगळे एकमेकांत मिसळत असावेत असंच मानावं लागलं.

या थव्यांच्या मागे मागे त्यांना खाणारेही निघतात. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर पक्षिमित्रांची गर्दी होते ती अमूर ससाण्यासाठी. दीडेकशे ग्रॅमचा हा शिकारी पक्षी सायबेरियाच्या पूर्वेकडून आणि चीनच्या ईशान्येकडून निघतो, नागालँड-मणिपुरात वाळवी खाऊन पुष्ट होतो आणि मग भारत व अरबी समुद्र ओलांडून सोमालियाला जातो. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ त्याला जाळ्यात धरून मारत. 2013 पासून गावकऱ्यांनीच ते बंद केलं आणि त्याच वर्षी काही पक्ष्यांना उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रं बांधली गेली. त्यातून कळलं की हा साडेपाच हजार किलोमीटरची मजल पाच-सहा दिवसांत, कुठेही न उतरता मारतो. समुद्रावर भूक लागली तर? खाली चतुरांचे थवे त्याच वाऱ्याने त्याच वाटेला लागलेले असतात. ससाणा वाटेत त्यांना खात असावा असं अँडरसन यांनी सुचवलंय.

"आपल्या न्यू यॉर्कएवढं कोणी उडतं का?" थोरला अजून आपल्या 12,500 वर अडून होता.

उडतं. अलास्काहून 2022 च्या ऑक्टोबरात निघालेलं गॉडविट जातीच्या पाणपक्ष्याचं एक पिल्लू, वय जेमतेम पाच महिने, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानियात उतरलं. 13,560 किलोमीटर. अकरा दिवस आणि एक तास. मध्ये दाणा नाही, पाणी नाही, उतरायला जमीन नाही. हे पक्षी निघण्याआधी पोटभर खाऊन चरबी साठवतात आणि अलास्काजवळ वादळ येण्याची वाट पाहतात. वादळाच्या मागच्या अंगाला दक्षिणेकडे वाहणारा जोरदार वारा असतो. तो मिळाला की निघायचं.

"पण त्यांना सांगतं कोण, आज निघा म्हणून?" धाकटी म्हणाली. "चतुराकडे फुगा नाही, वेधशाळा नाही."

"कोणी सांगत नाही. समज, हजार चतुर उडाले. काही चुकीच्या वाऱ्यात निघाले."

"ते?"

"ते समुद्रात पडले. त्यांची अंडी झाली नाहीत. जे बरोबर वाऱ्यात निघाले ते पोचले आणि अंडी घालून गेले. त्यांच्या पोरांत तीच ओढ उतरली, वारा असा लागला, थंडावा असा आला, की वर चढायचं. हे लाखो वर्षं चाललं आहे. एकेका चतुराला काहीच ठाऊक नसतं. ठाऊक असतं ते त्याच्या कुळाला."

थोरला जरा वेळ गप्प राहिला. "म्हणजे ते शिकतात ते मरून मरून."

"हो. निसर्गाची ती रीत फार महाग आहे. आपल्याला स्वस्तात शिकायची सोय आहे. ओइशी फुगे सोडून शिकले, अँडरसन तारखा टिपून. दोघांनी केलं काय? एकाच जागी राहून, वर बघून, वहीत लिहिलं. बस्स."

तेव्हा तुम्हाला काम देतो. येत्या सप्टेंबरपासून शेतांवर चतुर दिसले की तारीख लिहायची. थोडे, पुष्कळ की थवेच्या थवे तेही लिहायचं. गच्चीच्या तारेला रिबीन बांधायची आणि ती कुठल्या दिशेला फडफडते ते त्याच रकान्यात. ढग वर कुठे सरकतायत ते वेगळ्या रकान्यात, कारण खालचा आणि वरचा वारा एक नसतो हे आता तुम्हाला ठाऊक आहे. आत्या येईल-जाईल तेव्हा विमान सुटल्याची आणि टेकल्याची वेळ विचारून घ्यायची. न्यू यॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेनऊ, तेवढी दुरुस्ती करायची. मग अंतराला दोन्ही वेळांनी वेगवेगळं भागा, दोन उत्तरांतला फरक काढा, त्याचा निम्मा घ्या. वाटेवरचा सरासरी वारा साधारण किती होता ते निघेल.

थोरल्याने तिथल्या तिथे करून पाहिलं. साडेचौदा तासांनी भागून 862 आले, सोळांनी भागून 781. फरक 81, निम्मे चाळीस.

"फक्त चाळीस? तुम्ही तर तीनशे म्हणत होतात!"

"सगळी वाट काही पाटातून जात नाही. आणि जाताना वैमानिक पाट चुकवतो, येताना शोधतो, म्हणून दोन्ही वाटाही अगदी एक नसतात. आता सांग, हा आकडा जानेवारीत मोठा निघेल की जुलैत?"

"जानेवारीत," धाकटीने थोरल्याच्या आधी सांगितलं, आणि या वेळी तिने कारणही सांगितलं.

थोरला तोवर वहीत रकाने आखायला लागला होता. पहिल्या रकान्यावर त्याने तारीख लिहिली, दुसऱ्यावर वाऱ्याची दिशा, तिसऱ्यावर चतुर. चौथा मोकळा ठेवला. तो कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "काहीतरी दिसेलच की."

असू दे मोकळा. अँडरसनही मालदीवला काही चतुर मोजायला गेले नव्हते.